डर्ट ओव्हलवर बसलेलं इंजिन: उघडण्यापासून पुन्हा ट्रॅकवर आणण्यापर्यंत

हौशी डर्ट ओव्हल, म्हणजे मातीच्या अंडाकृती ट्रॅकवरच्या, शर्यतींत इंजिन एकदा बसणं बहुतेकांच्या वाट्याला येतं. खरा फटका बसतो तो दुसऱ्यांदा. बेअरिंग बदललं, गॅस्केट बदललं, इंजिन गाडीत चढवलं आणि पुढच्याच शर्यतीत काही लॅप झाल्यावर पुन्हा तोच ठोका. असं झालं की दोष नव्या पार्टवर ढकलला जातो. प्रत्यक्षात कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. एक तर पहिल्या वेळी इंजिन कशाने गेलं हे कुणी शोधलेलंच नसतं. नाही तर जुन्या इंजिनाचा धातूचा कीस तेलाच्या वाटेत कुठेतरी अडकून राहिलेला असतो आणि तोच नवं इंजिन खातो. म्हणून या लेखात जोडणीपेक्षा तपासणी आणि धुणं यांना जास्त जागा दिली आहे.

खालचे आकडे शेवरलेच्या स्मॉल-ब्लॉक ३५० व्ही-८ इंजिनाचे आहेत. अमेरिकेतल्या स्ट्रीट स्टॉक, हॉबी स्टॉक, मॉडिफाइड अशा हौशी वर्गांत हेच इंजिन सगळ्यांत जास्त दिसतं. इंजिन दुसरं असेल तर क्रम हाच ठेवा, आकडे त्या इंजिनाच्या तक्त्यातून घ्या.

सावधान: इंजिन सीलबंद क्रेट प्रकारचं, म्हणजे कारखान्यातून तयार आणि सील लावून आलेलं असेल, उदाहरणार्थ जनरल मोटर्सचं (जीएम) ६०२ किंवा ६०४, तर सील असलेल्या बोल्टना हात लावू नका. सील तुटलं की गाडी नियमाबाहेर जाते. अशा इंजिनावर टप्पा ४ पर्यंतची तपासणी करा, पण सीलच्या आड येणारा एकही भाग उघडू नका. पुढचं काम अधिकृत दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यायचं.

टप्पा १: ट्रॅकवर — आधी बंद, मग विचार

तेलाचा दाब पडला किंवा इंजिनातून नवा ठोका आला की किल स्विच पाडायचा. लॅप पूर्ण करायचा नाही, पिवळ्या झेंड्याची वाट बघायची नाही. तेल न मिळालेलं रॉडचं (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग फार थोडा वेळ तग धरतं. त्या वेळात थांबलात तर क्रँक पॉलिश किंवा ग्राइंड करून वाचण्याची आशा असते. ओढत राहिलात तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो आणि मग दुरुस्त करायला काही उरत नाही.

गाडी आतल्या बाजूला घ्या. तेल गळत असेल तर ती चालवत पिटमध्ये आणू नका, मागून येणाऱ्या गाड्या त्याच तेलावर घसरतात. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ओढून आणायची.

पिटमध्ये आल्यावर सगळ्यांत मोठी चूक होते ती "एकदा मारून बघू, सुरू होतंय का" ही. स्टार्टरला हात लावू नका. हेड गॅस्केट गेलं असेल आणि सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, रॉड वाकतो. व्हॉल्वचा तुकडा पिस्टनवर पडलेला असेल तर एका फेऱ्यात तो हेडमध्येही रुततो.

त्याऐवजी चालकाला लगेच विचारा आणि लिहून काढा: आवाज वळणात आला की सरळ पट्टीत? गॅस दाबलेला असताना की सोडल्यावर? दाब किती होता, पाण्याचं तापमान किती होतं? त्याआधी चाकं जोरात फिरली का, गिअर निसटला का? टॅकोमीटरला कमाल आरपीएम साठवण्याची सोय असेल तर तो आकडा आत्ताच नोंदवा. या नोंदी पुढे टप्पा ६ मध्ये लागणार आहेत.

सावधान: रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. मिथेनॉलवर चालणारी गाडी असेल तर लक्षात ठेवा की त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. बॉनेटखालून फक्त उष्णतेची थरथर दिसली तरी आग आहे असंच धरून चला.

टप्पा २: काहीही न उघडता बाहेरून तपासणी

हा क्रम मोडू नका. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीतला अंदाज पक्का करते.

१. डिपस्टिक. पातळी बघा, मग तेल बोटांवर चोळून बघा. दुधाळ तेल म्हणजे पाणी मिसळलंय, असं बहुतेक वेळा खरं असतं. पण मिथेनॉलच्या गाडीत इंधन तेलात उतरूनही तेल दुधाळ होतं. त्यामुळे लगेच हेड गॅस्केटवर खापर फोडू नका.

२. पाणी. इंजिन निवल्यावर रेडिएटरची पातळी बघा. पुढची जाळी आणि रेडिएटरच्या पट्ट्या मातीने भरल्या आहेत का बघा. ओल्या ट्रॅकवर सुरुवातीच्या हीटमध्येच (मुख्य शर्यतीआधीच्या छोट्या शर्यतीत) चिखलाचा थर बसतो आणि हवा थांबते.

३. सगळे आठ प्लग काढा आणि पुठ्ठ्यावर सिलिंडरचे आकडे लिहून त्या त्या जागी ठेवा. डावीकडे पुढून मागे १-३-५-७, उजवीकडे २-४-६-८. पोर्सलिनवर मिरीसारखे काळे ठिपके किंवा अ‍ॅल्युमिनियमचे चमकते कण म्हणजे डिटोनेशन (सिलिंडरमध्ये इंधनाचा बेताल स्फोट), पिस्टनचा माथा वितळायला लागला आहे. बाकी प्लग तपकिरी आणि एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ, म्हणजे तिथे पाणी जातंय. चपटा झालेला इलेक्ट्रोड म्हणजे आत काहीतरी सुटं फिरत होतं.

४. प्लग काढलेले असतानाच क्रँकच्या पुढच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत सगळे सिलिंडर एकदा आपलं चक्र पूर्ण करतात, म्हणून दोनपेक्षा कमी नको. अडलं तर जोर लावू नका. कुठल्या जागी अडलं त्याची बॅलन्सरवर (क्रँकच्या पुढच्या टोकाच्या चाकावर) खडूने खूण करा.

५. रॉकर कव्हर काढा. पुशरॉड वाकलाय का, रॉकर सुटलाय का, स्प्रिंग तुटलीय का? इंजिन ओव्हर-रेव्ह झालं असेल तर पुरावा बहुधा इथेच सापडतो.

६. एअर फिल्टर काढा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाच्या आत पांढरं फडकं फिरवा. त्यावर मातीची रेघ उमटली तर इंजिन धूळ पीत होतं. धूळ फिल्टरमधूनच येते असं नाही. बऱ्याचदा ती फिल्टर आणि त्याच्या बैठकीच्या मधल्या फटीतून किंवा बैठक आणि कार्ब्युरेटरच्या मधल्या गॅस्केटमधून शिरते.

इंजिन नुसतं मिसिंग करत असेल, तेलाचा दाब ठीक असेल आणि ठोका नसेल, तर आधी प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटर कॅप, इंधनाचा फिल्टर आणि बेल्ट बघा. चांगलं इंजिन विनाकारण उघडलेलंही मी पुष्कळदा पाहिलं आहे.

टप्पा ३: तेलाचा फिल्टर कापा

यासाठी लागणारं एकमेव खास हत्यार म्हणजे फिल्टर कटर. हॅकसॉने कापू नका. करवतीचा स्वतःचाच कीस आत पडतो आणि मग जे दिसतं त्याला अर्थ राहत नाही.

तेल स्वच्छ भांड्यात काढा, फिल्टर उलटा करून निथळू द्या. डबा कापल्यावर आतला घड्यांचा कागद धारदार चाकूने दोन्ही टोकांना सोडवा. लांब पट्टी मिळेल. ती फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये दाबून तेल पिळून काढा आणि उन्हात पांढऱ्या कागदावर पसरा. एकेक घडी उघडून बघा, घाई नको. घड्यांच्या तळाशी बारीक रेघेत जे जमलेलं असतं तेच महत्त्वाचं. नखाने ते ओढून कागदावर घ्या आणि खालून चुंबक फिरवा.

- चुंबकाला चिकटला तर लोखंड किंवा पोलाद: कॅमचा लोब, लिफ्टर, रिंग, क्रँक.
- चिकटत नाही, पातळ पापुद्रे, एका बाजूने करडे आणि दुसऱ्या बाजूने तांबूस: बेअरिंगचे थर सुटले आहेत.
- चिकटत नाही, हलका, पांढरट चमकणारा: अ‍ॅल्युमिनियम. पिस्टनचा स्कर्ट, किंवा अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेलं बेअरिंग.
- पिवळसर कण: कांस्याचं डिस्ट्रिब्युटर गिअर किंवा पिस्टन पिनचं बुश.
- रबरासारखे मऊ तुकडे: गॅस्केटला जास्त लावलेला सिलिकॉन. हे किरकोळ वाटतं, पण ऑइल पिकअपची (पंपासाठी तेल ओढणाऱ्या नळीची) जाळी यानेही बुजते.

तपासा: बोटांना न जाणवणारी नुसती बारीक चमक नव्या बांधलेल्या इंजिनात चालते. नखाला लागणारे पापुद्रे किंवा कडक तुकडे असतील तर इंजिन उतरवायचंच. "तेल बदलून एक हीट बघू" हा मार्ग इथे बंद झाला.

टप्पा ४: कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन

तळाचा भाग शाबूत वाटत असेल आणि ताकद कमी झाली असेल तर या दोन चाचण्या करा. कॉम्प्रेशन मोजताना सगळे प्लग बाहेर, इग्निशन बंद, इंधन बंद, बॅटरी पूर्ण चार्ज आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. थ्रॉटल बंद ठेवून मोजलेला आकडा कमी येतो आणि ठीकठाक इंजिनही आजारी दिसतं. प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरने कॉम्प्रेशनचे सारखेच दाब द्या, पाच किंवा सहा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंग, नाही गेला तर व्हॉल्व किंवा गॅस्केट.

लीक-डाउन जास्त खरं बोलतं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून १०० पीएसआय हवा सोडा. शर्यतीचं चांगलं इंजिन साधारण ५ टक्क्यांच्या आत गळतं. १० च्या वर गेलं तर लक्ष ठेवा, २० च्या वर असेल तर उघडा. मग कान लावा: एक्झॉस्टमधून सूं आवाज म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व, कार्ब्युरेटरमधून म्हणजे इनटेक, डिपस्टिकच्या नळीतून म्हणजे रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट किंवा तडा. शेजारच्या प्लगच्या भोकातून हवा आली तर दोन सिलिंडरमधलं गॅस्केट जळलंय.

आठही सिलिंडर सारख्याच प्रमाणात रिंगमधून गळत असतील आणि टप्पा २ मध्ये फडक्यावर माती आली असेल तर इंजिन धुळीने गेलं. नुसत्या नव्या रिंग घालून ते बरं होणार नाही, बोअर होन करावा (दगडाने घासावा) लागेल किंवा वाढवावा लागेल.

सावधान: हवा सोडल्यावर क्रँक झटक्यात फिरतो. बोल्टवर पाना तसाच ठेवून हवा सोडू नका.

टप्पा ५: उघडण्याचा क्रम

इंजिन उतरवण्याआधी गाडी बाहेरून धुऊन घ्या. डर्टच्या गाडीवर प्रत्येक कोपऱ्यात माती असते आणि इनटेक उचलला की ती थेट लिफ्टरच्या खड्ड्यात पडते. धुताना कार्ब्युरेटर, ब्रीदर आणि डिस्ट्रिब्युटर नीट झाका.

स्टँडवर घेतल्यावर ऑइल चेंबर सगळ्यांत आधी काढावासा वाटतो. थोडं थांबा. आधी इनटेक, रॉकर, पुशरॉड, लिफ्टर, हेड हा क्रम घ्या. इंजिन सरळ उभं असताना चेंबरच्या तळाशी जे पडलंय ते जिथल्या तिथे राहतं. इंजिन उलटं केलं की तोच कीस सिलिंडरमध्ये आणि कॅमवर जातो. चेंबर काढायची वेळ आली की इंजिन उलटं न करता खालूनच उतरवा आणि तळातला गाळ कुठे जास्त जमलाय ते बघा.

फ्लॅट टॅपेट कॅम (चपट्या तळाच्या लिफ्टरचा) असेल तर लिफ्टर ज्या भोकातून निघाला त्याच भोकात परत जायला हवा. अंड्यांचा ट्रे यासाठी उत्तम. नव्या कॅमवर जुने लिफ्टर कधीच नाही.

रॉडच्या कॅप काढण्याआधी प्रत्येक रॉड आणि कॅपवर आकडे आहेत का बघा. नसतील तर मारून घ्या. एकाची कॅप दुसऱ्याला लावली की ते भोक गोल राहत नाही. बोल्ट बाहेर डोकावणारे रॉड असतील तर बाहेर ढकलताना बोल्टवर रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर क्रँकच्या चांगल्या जर्नलवर (बेअरिंग बसतं त्या गुळगुळीत भागावर) ओरखडा उठतो. काढलेले बेअरिंग पुसू नका. वरचं, खालचं, पुढची बाजू आणि आकडा मागच्या बाजूला मार्करने लिहा आणि क्रमाने मांडा.

टप्पा ६: बेअरिंग वाचा आणि कारण लिहा

सगळ्या लेखातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा, आणि नेमका हाच लोक गाळतात. बेअरिंग खराब झालंय हे दिसतं, ते भंगारात टाकतात, नवीन मागवतात. प्रत्यक्षात आठ रॉडच्या त्या सोळा अर्ध्या कड्यांवर इंजिनाची पूर्ण हकीगत लिहिलेली असते.

सगळी रॉड बेअरिंग घासून तांबूस झाली आहेत, कडेला काळेनिळे डाग आहेत: तेल मिळालं नाही. रॉडला तेल मुख्य बेअरिंगमधून मिळतं, म्हणून तुटवडा आधी रॉडला जाणवतो. डर्ट ओव्हलवर याचं ठरलेलं कारण आहे. गाडी सतत डावीकडे वळते, तेल उजव्या भिंतीवर चढतं आणि काही उजव्या रॉकर कव्हरमध्येही साचून राहतं. पिकअप उघडा पडतो आणि पंप हवा ओढतो. टप्पा १ मधल्या नोंदीत दाब वळणातच पडत होता असं लिहिलेलं असेल तर शंका उरत नाही. इलाज नव्या बेअरिंगमध्ये नाही, चेंबरमध्ये आहे: उजवीकडे फुगवलेला ओव्हलचा चेंबर, आत एकाच दिशेने उघडणारी झडप असलेले पडदे, विंडेज ट्रे (फिरत्या क्रँकपासून तेल दूर ठेवणारा पत्रा) आणि तेलाची योग्य पातळी.

गोल फिरणाऱ्या बारीक रेघा, कडक कण रुतलेले: घाण. एअर फिल्टर, ब्रीदर किंवा मागच्या वेळचं अर्धवट धुणं. ब्रीदरकडे कुणी बघत नाही, पण रॉकर कव्हरवरचा साधा ब्रीदरही धूळ आत घेतो.

फक्त रॉडची वरची अर्धी कडी ठेचलेली: डिटोनेशन. स्फोटाचा मार वरच्या कडीवर बसतो. प्लगवरचे चमकते कण आणि पिस्टनवर तुटलेली रिंगची पट्टी याची साक्ष देतात. टायमिंग, इंधनाचा दर्जा, लीन (इंधन कमी असलेलं) मिश्रण आणि तापलेलं पाणी, चारही तपासा. बॅलन्सरचं बाहेरचं कडं रबरावरून घसरलं असेल तर टायमिंगची खूणच खोटी असते. त्यामुळे पिस्टन प्रत्यक्ष वरच्या टोकाला आणून खूण पडताळा.

जोडाच्या रेषेजवळ दोन्ही बाजूंनी घासलेलं: जास्त आरपीएममध्ये रॉडचं भोक लांबट झालं. चाकं घसरून फिरली की आरपीएम क्षणात वर जातो, म्हणून रेव्ह लिमिटर हवाच.

एकाच कडेने घासलेलं: वाकलेला रॉड किंवा टेपर झालेला जर्नल. पाठीवर चकाकणारा ठिपका: मागच्या जोडणीत कडीच्या मागे कण अडकला होता.

तपासा: एका वहीत एक वाक्य लिहा, "हे इंजिन ... मुळे गेलं." रिकामी जागा भरता येत नसेल तर एकही पार्ट मागवू नका.

टप्पा ७: काय ठेवायचं, काय टाकायचं

क्रँक, रॉड आणि ब्लॉक तडा शोधणाऱ्या चुंबकीय चाचणीसाठी पाठवा. क्रँक ग्राइंड केला, समजा ०.०१० इंच, तर बेअरिंग त्याच मापाची घ्या. तापून निळा पडलेला रॉड परत वापरू नका, आणि रॉडचे बोल्ट प्रत्येक वेळी नवे. हेडची सपाटी सरळपट्टी आणि फिलर गेजने बघा. पूर्ण लांबीत ०.००४ इंचाहून जास्त फट असेल तर फेसिंग करा. व्हॉल्व स्प्रिंगचा दाब टेस्टरवर मोजा, १० टक्क्यांहून जास्त पडलेली स्प्रिंग बदला.

ऑइल कूलरबद्दल मात्र ठामपणे सांगतो: बेअरिंग गेलं असेल तर जुना कूलर टाकून द्या. त्याच्या आतल्या अरुंद वाटांमध्ये अडकलेले पापुद्रे धुऊन निघत नाहीत. पेट्रोलने धुवा, हवा मारा, पेट्रोल स्वच्छ निघेल, तरीही. नंतर तेल गरम होऊन पातळ झालं, दाबाने थरथरलं की ते सुटतात आणि पहिल्याच फेरीत नव्या बेअरिंगवर येतात. कूलर महाग असतो, म्हणून जीव होत नाही, हे मला कळतं. पण दुसऱ्यांदा गेलेली बरीचशी इंजिनं याच एका पार्टने मारलेली असतात. तेलाच्या नळ्याही बदला, निदान आतून ब्रश फिरवून उजेडात आरपार बघा. ड्राय सम्प (तेल बाहेरच्या वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना) असेल तर टाकी उघडून तिचे पडदे धुवायचे आणि पंपाचे सगळे भाग उघडायचे. ऑइल पंप आणि पिकअप नवे घ्या.

टप्पा ८: धुणं

ब्लॉक मशीन शॉपमधून "धुऊन" आला तरी स्वतः पुन्हा धुवा. तेलाच्या गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे) सगळे प्लग काढलेच पाहिजेत. पुढचे टायमिंग कव्हरमागे असतात. मागच्या मुख्य बेअरिंगच्या कॅपखाली एक प्लग असतो, तो बरेच जण विसरतात. धुताना तो काढा आणि जोडताना परत बसवायला विसरू नका. तो राहिला तर तेल फिल्टरला वळसा घालून थेट इंजिनात जातं, आणि बाहेरून काहीच कळत नाही.

गरम पाणी, भांडी धुण्याचा साबण आणि लांब दांड्याचे ब्रश. प्रत्येक भोकात ब्रश आरपार. क्रँकची तिरकी भोकंही तशीच. होनिंगनंतर बोअर नुसत्या पेट्रोलने पुसून चालत नाही, दगडाची भुकटी साबणपाण्यानेच निघते. धुऊन झाल्यावर लगेच हवेने कोरडं करा आणि हलकं तेल फवारा, कारण धुतलेलं लोखंड बघता बघता गंज धरतं.

तपासा: पांढरं सुती फडकं तेलात बुडवून बोअरमधून फिरवा. करडं निघालं तर पुन्हा धुवा. पांढरंच निघेपर्यंत.

टप्पा ९: मोजा, मग बांधा

मायक्रोमीटर आणि बोअर गेजने मोजा. प्लास्टिगेज (दाबून फट मोजायचा प्लास्टिकचा धागा) दुजोऱ्यासाठी ठीक आहे. ढोबळ नियम असा की जर्नलच्या प्रत्येक इंच व्यासाला ०.००१ इंच फट, वर अर्धा हजारांश. ३५० चं रॉड जर्नल २.१०० इंच आणि मुख्य जर्नल २.४५० इंच, म्हणजे रॉडला साधारण ०.००२५ आणि मुख्यला ०.००२५ ते ०.००३०. रिंगचं अंतर ४ इंची बोअरमध्ये वरच्या रिंगला ०.०१८ इंचाच्या आसपास, पण रिंगसोबतचा कागद शेवटचा शब्द मानायचा. अंतर मोजताना रिंग बोअरमध्ये पिस्टनने ढकलून सरळ करा. तिरपी रिंग खोटं माप देते.

कॅम किंवा पिस्टन बदलला असेल तर व्हॉल्व आणि पिस्टनमधलं अंतर मातीने, म्हणजे मॉडेलिंग क्लेने, तपासा: इनटेकला किमान ०.०८०, एक्झॉस्टला ०.१०० इंच.

बेअरिंगची पाठ आणि ती बसते ती जागा पूर्ण कोरडी, तेल फक्त आतल्या बाजूला. प्रत्येक कॅप घट्ट केल्यावर क्रँक हाताने फिरवा. सगळं बांधून झाल्यावर अडलं तर कशाने अडलं ते शोधायला पुन्हा सगळं उघडावं लागेल.

स्मॉल-ब्लॉकचे हेड बोल्ट पाण्याच्या जॅकेटमध्ये उतरतात, म्हणून आट्यांना सीलंट लावा. मधून बाहेर, तीन टप्प्यांत, लोखंडी हेडला शेवटी ६५ फूट-पौंड. पिकअपची नळी पंपात नुसती ठोकून ठेवू नका. ती कंपनाने फिरते किंवा गळून पडते. ब्रेझ करून पक्की करा, ब्रेझ करताना पंपातली स्प्रिंग काढून ठेवा. पिकअप आणि चेंबरचा तळ यांत पाव ते तीन अष्टमांश इंच जागा हवी.

टप्पा १०: पहिला स्टार्ट

डिस्ट्रिब्युटरच्या जागी प्रायमिंग शाफ्ट घालून ड्रिलने पंप घड्याळाच्या दिशेने फिरवा. नुसती सळई वापरली तर एका बाजूच्या रॉकरना तेल पोहोचत नाही, कारण डिस्ट्रिब्युटरचं अंगच तिथली गॅलरी बंद करतं. खाली तसाच कॉलर असलेलं हत्यार घ्या. दुसऱ्याने क्रँक हळूहळू फिरवत राहायचं. सोळाही रॉकरवर तेल आल्याशिवाय थांबू नका.

टायमिंग आधीच जवळपास लावून ठेवा, कार्ब्युरेटरचे बाउल भरा, पाणी भरा. अनेक ट्रॅकवर कूलंट म्हणून ग्लायकॉलला बंदी असते, ते सांडलं की निसरडं होतं. फ्लॅट टॅपेट कॅम असेल तर इंजिन सुरू होताच २००० ते २५०० आरपीएमवर न्या आणि वीस ते तीस मिनिटं कमीजास्त करत तिथेच ठेवा. झिंकयुक्त तेल हवं. दुहेरी व्हॉल्व स्प्रिंग असेल तर आतली सुरू करण्याआधीच काढून ठेवा. आयडलवर सोडलं तर कॅम तिथेच जातो, आणि त्याचा कीस टप्पा ३ मधल्या फिल्टरपर्यंत येतो. रोलर कॅमला एवढा वेळ लागत नाही.

सावधान: काही सेकंदांत दाब दिसला नाही तर बंद करा. गेजला दोष देत चालू ठेवू नका.

मग एकूण टायमिंग लाइटने लावा. लोखंडी हेडच्या स्मॉल-ब्लॉकला सहसा ३४ ते ३६ अंश. इंजिन निवल्यावर तेल काढा, फिल्टर कापा, व्हॉल्वच्या फटी तपासा.

टप्पा ११: परत ट्रॅकवर

पहिल्या दिवशी मुख्य शर्यतीत थेट उतरू नका. सरावाचे काही लॅप, मग पिटमध्ये येऊन तेल, पाणी आणि गळती. दाब १००० आरपीएमला किमान १० पीएसआय या हिशेबाने बघा, आणि वळणात बघा. सरळ पट्टीतला आकडा सगळ्यांचाच छान असतो.

प्रत्येक हीटनंतर रेडिएटर आतून बाहेर, म्हणजे इंजिनाच्या बाजूने पुढे, पाणी मारून धुवा. पुढून मारलं तर माती आणखी आत ठासते. एअर फिल्टर बदला, झटकून परत लावू नका. बैठकीच्या कडेला ग्रीस लावा. नंतर त्या ग्रीसवर माती कुठे तुटक दिसते ते बघा. जिथून धूळ आत गेली असेल ती जागा ग्रीस दाखवून देतं.

पहिल्या शर्यतीनंतर फिल्टर पुन्हा कापा. या वेळी पापुद्रे दिसले तर इंजिन अजून वाचवता येण्याच्या अवस्थेत आहे. कूलर, नळ्या आणि मागच्या कॅपखालचा प्लग, या तीन ठिकाणी आधी शोधा.